गृहविज्ञान : कासवाचें पाणी

देवळांत शिरतांना सभामंडपांतील दगडी कासवास हात लावून मग देवाकडे पाहावें, ही आपली पिढीजात रीति आहे. त्या कासवाचें एक बरें असतें. त्यास खावयास लागत नाहीं, त्याचें पाणी बदलावें लागत नाहीं, आणि शेंकडों वर्षें तें आपल्या जागीं निमूटपणें बसून राहतें. अलीकडे मात्र पनवेलसारख्या झपाट्यानें वाढलेल्या शहरांत पुष्कळ सुशिक्षित घरांतून जिवंत कासव येऊन राहूं लागलें आहे. कोणी तें मुलाच्या वाढदिवसासाठीं आणतो, कोणी घरांत कासव असणें शुभ असें ऐकून आणतो. तळहाताच्या खळग्यांत मावणारें, हिरव्या पाठीचें, डोळ्यांमागें तांबडा पट्टा असलेलें तें पिलूं इतकें गोजिरवाणें दिसतें कीं, त्यास नको म्हणण्याचें कोणाच्याही जिवावर येतें. दुकानदार त्याच्याबरोबर एक लहानशी प्लास्टिकची पेटी देतो. पंधरा दिवसांत त्या पेटीस वास येऊं लागतो, आणि कासव घरांत आल्याचें सर्वांस खरोखर तेव्हांच कळतें.

ह्या वासाचा विचार आज आम्हांस करावयाचा आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक दिसेल. परंतु घरांतील लहान मुलांचें व वृद्धांचें आरोग्य, ज्या व्यक्तीवर पाणी बदलण्याचें काम येऊन पडतें तिचे श्रम, त्या मुक्या जिवाचें आयुष्य, आणि अखेरीस गांवांतील तलाव, एवढ्या गोष्टी ह्या एका पेटीच्या पाण्याशीं बांधल्या गेल्या आहेत. पाण्यास वास सुटला म्हणून कासव नकोसें होतें, आणि नकोसें झालें म्हणून तें तलावांत सोडलें जातें. यास्तव पाणी नीट ठेवतां येणें हीच कासव पाळण्याची पहिली पात्रता होय, असें आमचें मत आहे.

प्रथम, कासव कोणतें हें पाहिलें पाहिजे. आपल्या तळ्यांतून सांपडणारें मऊ पाठीचें कासव, कोंकणांतील ओलसर प्रदेशांतलें काळें कासव, किंवा पाठीवर पिंवळ्या ताऱ्यांची नक्षी असलेलें जमिनीवरचें कासव, हीं देशी कासवें १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानें संरक्षित आहेत. तीं पकडणें, विकत घेणें अगर घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. बाळगणाऱ्याचा हेतु कितीही चांगला असला तरी त्यानें फरक पडत नाहीं. असें कासव घरांत असेल तर त्याच्या पाण्याची चर्चा करीत न बसतां वनखात्यास कळविणें, हेंच कर्तव्य होय. दुकानांतून सामान्यतः विकलें जातें तें लाल कानाचें कासव परदेशी आहे. इंग्रजींत त्यास ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात, आणि त्याचें मूळ वसतिस्थान अमेरिकेंतील मिसिसिपी नदीचें खोरें हें होय. तें दोन इंचांचें आणलें म्हणून दोन इंचांचें राहत नाहीं. पुरती वाढलेली मादी दहा इंचांच्या घरांत जाते, आणि निगा चांगली राखल्यास वीस-तीस वर्षें जगते. पांच वर्षांच्या मुलासाठीं आणलेलें कासव त्या मुलाच्या लग्नाच्या वेळींही घरांतच असेल, हा हिशेब दुकानांत उभें राहून कोणी करीत नाहीं.

आतां पाणी इतक्या लवकर कां बिघडतें, तें पाहूं. कासव पाण्यांतच खातें, खातांना अन्नाचे तुकडे करून अर्धे बाहेर टाकतें, त्याच पाण्यांत मलमूत्र विसर्जन करतें, आणि तहान लागली कीं तेंच पाणी पितें. आकारानें सारख्या असलेल्या माशापेक्षां तें पाणी किती तरी अधिक घाण करतें. त्याच्या मूत्रांत अमोनिया व युरिया हीं द्रव्यें असतात. युरियाचा, तसाच उरलेल्या अन्नाचा व विष्ठेचा कुजून पुनः अमोनियाच होतो. नवसागर व चुना एकत्र चोळला असतां जो झणझणीत वास येतो तो ह्याच अमोनियाचा. त्यानें कासवाचे डोळे चुरचुरतात, कातडी व पाठ खराब होते, आणि अन्नावरची वासना उडते. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, अमोनिया पाण्यांत विरघळलेला असतां दिसत नाहीं. तळाशीं टाकलेलें नाणें स्पष्ट दिसावें इतकें पाणी स्वच्छ असलें तरी तें विषारी असूं शकतें. आणि उलटपक्षीं किंचित् हिरवट झांक आलेलें पाणी कासवास अगदीं निर्धास्त असूं शकतें. डोळ्यांस निर्मळ दिसणें आणि निर्मळ असणें ह्या भिन्न गोष्टी आहेत.

हा अमोनिया नाहींसा कसा होतो, ह्याची कथा मोठी बोधप्रद आहे. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युन्ट्झ ह्या दोन शास्त्रज्ञांनीं एक साधा प्रयोग केला. वाळू व चुनखडी भरलेल्या काचेच्या उंच नळींतून त्यांनीं गटाराचें पाणी सावकाश पाझरूं दिलें. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग हळूहळू तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे सोऱ्याच्या जातीचें द्रव्य, येऊं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें काम बंद पडलें. आणि वाफ काढून टाकून मातीचें थोडेंसें धुवण नळींत घालतां तें पुनः सुरू झालें. हें काम वाळूचें नसून वाळूवर वस्ती करणाऱ्या सूक्ष्म जिवांचें आहे, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे काढून दाखविले. एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, व दुसरी त्या नायट्राइटचें नायट्रेट करते. नायट्राइटही अपायकारक असतें. नायट्रेट मात्र बेताच्या प्रमाणांत असतां फारसें बाधत नाहीं, आणि पाणी बदललें म्हणजे निघून जातें.

कासवाच्या टांकीस लावावयाचा फिल्टर हा त्या काचेच्या नळीचाच वंशज होय. त्यांतील स्पंज आणि मातीचीं सच्छिद्र नळकांडीं हीं नुसती गाळणी नव्हेत. तें ह्या अदृश्य कामकऱ्यांचें बिऱ्हाड आहे. आणि नेमक्या येथेंच आपल्या घरांतून चूक होते. स्वच्छता म्हणजे घांसणें, असें आपल्या हाडीं खिळलेलें आहे. पितळेचें भांडें चिंचेनें लखलखीत करावें, तद्वतच रविवारीं टांकी रिकामी करावी, फिल्टर नळाखालीं धरून स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळावा, दगड साबणानें घांसावे, आणि सगळें ताजें पाणी भरून समाधान मानावें, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं चालतो. पनवेलकरांच्या घरीं देहरंग धरणाचें अगर अन्य योजनेचें जें पाणी नळानें येतें, त्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन घातलेलें असतें, आणि तें असलेंच पाहिजे. परंतु क्लोरीनला रोगजंतु कोणते व उपकारक जंतु कोणते हा भेद कळत नाहीं. त्या एका धुण्यांत महिन्याभराची वस्ती उठते. मग तीनच दिवसांत पाण्यास पुनः वास येतो, घरांतील माणसें अधिकच जोरानें घांसतात, आणि हा फेरा असाच चालूं राहतो. अति घांसण्यानेंच टांकी घाण होते, हें विधान विपरीत वाटलें तरी अक्षरशः खरें आहे.

तर मग योग्य रीति कोणती? पहिली गोष्ट म्हणजे पाणी भरपूर हवें. कासवाच्या पाठीच्या लांबीच्या दर इंचास सुमारें चाळीस लिटर पाणी असावें, हा अनुभवी पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे दोन इंचांच्या पिलास ऐंशी लिटर, आणि आठ इंचांच्या कासवास तीनशेंहून अधिक. दुकानांतून मिळणाऱ्या पेटींत दोन-तीन लिटरही मावत नाहीं. तिला प्रवासाची डबी समजावी, घर समजूं नये. ऐंशी लिटर पाण्याचें वजनच ऐंशी किलो होतें, त्यावर काचेचें वेगळें. तेव्हां टांकी डळमळत्या टेबलावर न ठेवतां भक्कम चौथऱ्यावर ठेवावी. फिल्टर घेतांना दुकानदार विचारील कीं टांकी किती लिटरची. त्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठीं असलेला फिल्टर मागावा, कारण फिल्टरवरचे आंकडे माशांच्या मानानें लिहिलेले असतात. टांकींत पाण्याबाहेर पूर्ण कोरडें होऊन बसतां येईल असा ओटा हवाच. पाठ सदैव ओली राहिली तर पाणी कितीही शुद्ध असलें तरी ती कुजूं लागते. तळाशीं बारीक खडे पसरूं नयेत. कासव ते गिळतें. शिवाय त्यांच्या फटींत अन्न सांचून सडतें व कुजक्या अंड्यासारखा वास येऊं लागतो. तळ मोकळा ठेवावा, अगर कासवाच्या डोक्याहून मोठे असे नदींतले गोटे थोडे ठेवावे.

दुसरी गोष्ट अन्नाची. पाणी बिघडण्याचें निम्मे कारण कासवाच्या पोटांत नसून आपल्या हातांत असतें. कासव माणूस दिसतांच मान उंच करून तोंड उघडतें, आणि घरांतील प्रत्येक माणूस येतां-जातां त्यास चार दाणे टाकतो. एकत्र कुटुंबांत दहा माणसांनीं दहा वेळां खाऊं घातलें म्हणजे काय होईल हें सांगावयास नको. कासवाच्या डोक्याएवढें अन्न ही एका वेळची पुरे झालेली पंगत समजावी. पिलास तें रोज द्यावें, मोठ्यास एक दिवसाआड; सोबत हिरवी पाने असावींत. शक्य तर खावयास घालतांना कासव निराळ्या टपांत ठेवावें, पंधरा-वीस मिनिटांनीं परत टांकींत सोडावें, आणि टपांतलें पाणी ओतून द्यावें. एवढ्या एका संवयीनें टांकीचें अर्धें काम वांचतें. टांकींतच घालावयाचें असेल तर उरलेलें अन्न तेव्हांच जाळीनें काढून टाकावें.

तिसरी गोष्ट पाणी बदलण्याची. सगळें पाणी एकदम कधींही बदलूं नये. आठवड्यांतून एकदां तिसरा हिस्सा काढावा व तितकेंच नवें घालावें. काढतांना नळीनें तळचा गाळ ओढून घ्यावा. मात्र नळींतून पाणी सुरू करण्यासाठीं ती तोंडानें ओढूं नये. ती आधीं चांगल्या पाण्यानें भरून, दोन्ही टोकें बोटानें दाबून, मग एक टोक टांकींत व दुसरें खालच्या बादलींत सोडावें. नवें पाणी आदल्या रात्रीं रुंद तोंडाच्या भांड्यांत उघडें भरून ठेवावें, म्हणजे क्लोरीन बव्हंशीं उडून जातो. फिल्टर धुवावयाचा तो टांकींतून काढलेल्या त्याच जुन्या पाण्यांत, महिन्यांतून एकदां, आणि तोही नुसता हलकेंच पिळून. त्यांतील सगळे भाग एकाच दिवशीं धुऊं नयेत. नवी टांकी मांडल्यावर जंतूंची वस्ती जमावयास सुमारें दीड महिना लागतो. तोंवर पाणी दर दोन दिवसांनीं थोडें थोडें बदलीत राहावें व धीर धरावा. अमोनिया व नायट्राइट मोजण्याच्या लहान पेट्या माशांच्या दुकानांत मिळतात. दोन्हींचें प्रमाण शून्य आलें, आणि नायट्रेट दर लिटरास चाळीस मिलिग्रॅमच्या आंत राहिलें, म्हणजे टांकी स्थिरावली असें समजावें. शाळेंत रसायन शिकणाऱ्या मुलावर हें काम सोंपवावें. पुस्तकांतील धडा त्यास घरांत पाहावयास मिळेल.

आपल्याकडील हवामानाच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. चैत्र-वैशाखांत पाणी तापलें म्हणजे त्यांत प्राणवायु कमी राहतो आणि अमोनियाची विषारी शक्ति वाढते. तेव्हां टांकी खिडकींतल्या थेट उन्हांत ठेवूं नये व पाणी आठवड्यांतून दोनदां बदलावें. कासवास ऊन हवें असतें, पण तें काचेंतून आलेलें कामाचें नाहीं, कारण त्यांतील उपयुक्त किरण काच अडविते. यास्तव सकाळीं त्यास उघड्या, अर्ध्या सावलीच्या जागीं कांहीं वेळ पहाऱ्याखालीं ठेवावें. पावसाळ्याच्या आरंभीं नळास गढूळ पाणी आलें तर तें रात्रभर निवूं द्यावें व वरचें पाणी फडक्यानें गाळून घ्यावें. आणि वीज बराच वेळ गेली असतां बंद डब्याच्या फिल्टरांतील जंतु प्राणवायूवांचून गुदमरतात. वीज येतांच त्यांतील कोंडलेलें पाणी टांकींत जाऊं न देतां आधीं मोरींत ओतावें, व मग यंत्र सुरू करावें.

आतां माणसांच्या आरोग्याकडे वळूं. अगदीं निरोगी दिसणाऱ्या कासवाच्याही विष्ठेंत साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. कासवास त्यांची बाधा होत नाहीं. माणसास जुलाब, ताप व पोटांत मुरडा होतो, आणि पांच वर्षांखालील मुलांस, वृद्धांस व गरोदर स्त्रियांस तो आजार कठीण जाऊं शकतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत लहान कासवांपासून वर्षास सुमारें दोन लाख ऐंशी हजार माणसांस ही बाधा होते असा अंदाज निघाला, आणि १९७५ सालीं तेथील सरकारनें चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. कारण उघड होतें. लहान कासव मुलें तोंडांत घालतात. तेव्हां कासवास अगर त्याच्या पाण्यास हात लागला कीं साबणानें हात धुतलेच पाहिजेत. त्याची बादली, नळी व जाळी निराळी असावी. टांकीचें सामान स्वयंपाकघरांतील ओट्यावर किंवा भांडीं घांसण्याच्या जागीं कधींही धुऊं नये. घरांतील आजीबाई जर ‘कासवाला हात लावून देवघरांत येऊं नकोस, आधीं हात-पाय धू’ असें म्हणत असतील, तर त्यांस जुन्या मताच्या म्हणून हंसूं नये. ह्या प्रकरणीं सोवळें आणि शास्त्र ह्यांचें एकमत आहे. काढलेलें पाणी झाडांस उत्तम खत होय, पण तें नारळास, आंब्यास किंवा कुंपणाच्या झाडांस घालावें. कोथिंबीर, पुदिना ह्यांस घालूं नये, आणि तुळशीसही घालूं नये, कारण तिचें पान तीर्थांतून आपल्या तोंडांत जातें.

एवढें सगळें करावयाचें कोणीं, हा प्रश्न आम्हांस ह्या सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. कासव आणण्याचा हट्ट मुलाचा असतो, पैसे काका देतात, नांव आत्या ठेवते, आणि बादल्या मात्र घरांतली सून उचलते. ऐंशी लिटरांच्या टांकीचा तिसरा हिस्सा म्हणजे सव्वीस-सत्तावीस किलो पाणी दर आठवड्यास बाहेर न्यावयाचें व तितकेंच आंत आणावयाचें. कासव वाढेल तसतसें हें ओझें चौपट होईल, आणि हें वीस वर्षें चालावयाचें. जिच्या संमतीवांचून प्राणी घरांत आला तिच्यावरच त्याचा भार टाकणें हा न्याय नव्हे. आणण्यापूर्वींच घरच्या बैठकींत वांटणी व्हावी. रोजचें उरलेलें अन्न काढणें व टप ओतणें हें मुलांनीं करावें. आठवड्याचें पाणी घरांतील धडधाकट पुरुषांनीं बदलावें. मोजणीचा आंकडा व तारीख कोणा एकानें वहींत लिहावी. वांटणी ठरत नसेल तर कासव आणूं नये, हा निकाल त्याच बैठकींत लागलेला बरा.

हा निकाल आधीं लागला नाहीं म्हणजे तो पुढें भलत्या ठिकाणीं लागतो. पनवेल हें तलावांचें गांव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे हीं नांवें येथील प्रत्येक जुन्या कुटुंबाच्या तोंडीं आहेत. घरांतील टांकीस वास सुटला, कासव बशीएवढें झालें, कीं एखाद्या संध्याकाळीं तें पिशवींत घालून तलावाच्या पायरीवर आणलें जातें, आणि जिवास मोकळें केल्याचें पुण्य पदरीं पडलें असें मानलें जातें. वस्तुतः हें पुण्य नव्हे. लाल कानाच्या कासवाचें नांव जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जातींच्या यादींत आलेलें आहे, आणि युरोपीय संघानें त्याची आयात १९९७ सालींच बंद केली. तें बळकट, खादाड व चिवट असतें. ऊन खाण्याच्या जागा आणि अन्न ह्यांसाठीं तें देशी कासवांस मागें सारतें, शिवाय घरांतून आणलेले रोग तलावांत पसरवितें. ज्या देशी कासवास आपण कायद्यानें जपतों त्याच्याच घरांत हा पाहुणा आपण आपल्या हातांनीं नेऊन सोडतों.

सांभाळणें अशक्यच झालें असेल तर दुसरें जबाबदार घर शोधावें, किंवा पशुवैद्यास अगर प्राण्यांची सुटका व शुश्रूषा करणाऱ्या एखाद्या संस्थेस विचारावें. तलावाची वाट मात्र धरूं नये. ज्यांच्या घरीं कासव अजून आलेलें नाहीं त्यांस आमची सूचना एवढीच कीं, आधीं ऐंशी लिटरांची टांकी मांडावी, आणि कासवावांचून दोन महिने तिचें पाणी ठरलेल्या वांटणीप्रमाणें दर आठवड्यास बदलून पाहावें. दोन महिन्यांनंतरही बादली उचलणारे हात तेच व तितकेच असतील, तर मग खुशाल कासव आणावें. तसें न झाल्यास शुभाचिन्ह म्हणून पितळेचें कासव पुरे आहे. त्याच्या खालचें पाणी तेवढें रोज बदलावें.